फोटोखालची तिसरी ओळ

शैलेशला पोहता येत नाही. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला माणूस, पण पाणी गुडघ्याच्या वर चढलं की त्याचा चेहरा उतरतो. असा माणूस २०१७च्या नोव्हेंबरात एकटाच वाढवणच्या खडकांवर गेला, आणि परत आला तो एका बाईचा हात धरून. ती बाई नसती तर आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. नवराही नसता.

आम्ही डहाणूचे. शैलेश जमीन मोजणी ऑफिसात क्लार्क, मी आशागडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे एकमेकांना अहो-जाहो करणं कधी जमलंच नाही. सासूबाई समोर असल्या की मी तेवढ्यापुरतं ‘अहो’ म्हणायचे आणि त्यालाच हसू यायचं.

फोटोंचं वेड त्याला उशिरा लागलं. २०१४च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. गावात पेढे वाटले, वाचनालयात नव्या जिल्ह्याचा मोठा फलक करायचं ठरलं. फलकासाठी फोटो शोधायला बसले तर वसईचा किल्ला होता, जव्हारचा धबधबा होता, आणि डहाणूचा म्हणून एकच फोटो, समुद्रकिनाऱ्यावर उंट. उंट!

वाचनालयाचे अध्यक्ष वासुदेव सर, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा काढून म्हणाले, “आपल्याकडे महालक्ष्मीचा गड आहे, बाहरोटच्या गुंफा आहेत, चिकूच्या वाड्या आहेत, तलासरीची ताडवनं आहेत. आणि जगाला काय दाखवायचं? भाड्याचा उंट?”

शैलेश तिथे पुस्तक बदलायला गेला होता. तो पटकन बोलून गेला, “सर, मी काढतो फोटो.”

त्याने स्टेशन रोडवरच्या भावेशच्या स्टुडिओतून कॅमेरा विकत घेतला आणि भावेशकडूनच तो चालवायला शिकला. मग तीन वर्षं आमचे रविवार गेले ते गेलेच. कधी बोर्डीच्या सुरूच्या बनात, कधी डहाणू खाडीच्या पुलाखाली, कधी झाईच्या टोकाला, जिथे महाराष्ट्र संपतो आणि दुकानांवरच्या पाट्या गुजराती होतात. वाचनालयाला जानेवारी २०१८मध्ये पन्नास वर्षं होणार होती. तेव्हा डहाणू-तलासरीच्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन लावायचं असं ठरलं.

फोटो सुंदर होते, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मला खटकायची. त्या फोटोंत माणूस नव्हता. शैलेश माणसं निघून जायची वाट बघायचा. महालक्ष्मीच्या पायऱ्या रिकाम्या मिळाव्यात म्हणून तो एकदा दीड तास उन्हात उभा राहिला होता. थर्मल वीज केंद्राची चिमणी चौकटीत येऊ नये म्हणून तो आडवा झोपायचा, आणि माणसांचंही त्याच्या लेखी तसंच होतं.

एकदा तो तलासरीकडच्या वेवजीहून आला तो खुशीत. संध्याकाळच्या उजेडात ताडांची रांग मिळाली होती.

“एक बाई मध्ये होती,” तो सांगत होता, “मी म्हटलं जरा बाजूला होता का. झाली बिचारी. बकरीपण बांधून ठेवली तिने. वर पाणी दिलं प्यायला.”

“नाव काय तिचं?”

“कुणाचं?”

“त्या बाईचं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी ताडाचं नाव विचारलं होतं.

“शैलेश, तुझ्या डहाणू-तलासरीत कुणी राहत नाही का रे?” मी म्हटलं. तो हसला आणि फोटो कॉम्प्युटरवर चढवू लागला.

एकोणचाळीस फोटो झाले. चाळीसावा त्याला वाढवणचा हवा होता, शंखोदरचा. वाढवणच्या समुद्रात खडकांचा मोठा पसारा आहे. भरतीला सगळा पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. शंखोदर त्यातलंच ठिकाण. गावाच्या श्रद्धेचं. लोक पितरांसाठी तिथे जातात. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी पाणी खूप आत जाणार, हे त्याने पंचांगातून काढलं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शैलेशने सांगितलं, नंतर त्या बाईंनी, भिकीमावशींनी, सांगितलं. दोघांचं जिथे जुळतं तेवढं सांगते.

तो उजाडता उजाडता वाढवणला पोचला. भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, बंदर रद्द करा. दोन वर्षांपूर्वी इथे मोठं बंदर बांधायची गोष्ट पुन्हा निघाली होती. तेव्हापासून गावात कुणी अनोळखी माणूस पिशवी, दुर्बीण, कॅमेरा घेऊन आला की तो सर्व्हेचा असणार, असं लोक धरून चालायचे. आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. समुद्र गेला तर मासेमारी गेली, खडकाला चिकटलेली कालवं गेली, सगळंच गेलं.

देवळाजवळ चार-पाच माणसं बसली होती. त्यातले तात्या उठले. साठीचे, अंगात बनियन, कानावर पेन्सिल. वाढवण-चिंचणीकडे घरोघर दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, बनवतात, तात्यांचंही तेच काम.

“कुठून आलात?”

“डहाणूहून. वाचनालयाचं प्रदर्शन आहे. शंखोदरचा एक फोटो हवा होता.”

“वाचनालयात कामाला?”

“नाही, तसा मी क्लार्क आहे.”

“कुठे?”

इथे शैलेशची जीभ अडली. मोजणी ऑफिस म्हटलं तर काय होईल ते त्याला कळत होतं. “सरकारी आहे,” एवढंच तो म्हणाला.

तात्यांनी त्याच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, “चहा घ्या भाऊ, आणि परत जा. तुमच्यावर राग नाही. पण फोटो आज काढाल तुम्ही, उद्या वापरेल कोण ते आम्हाला माहीत नाही.”

शैलेशने चहा घेतला. निघालाही. पण गावाबाहेर आल्यावर त्याने स्कूटर एका वाडीच्या कुंपणाला लावली आणि सुरूच्या झाडांतून दुसऱ्या बाजूने किनाऱ्यावर उतरला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. “त्यांचा चहा पोटात होता माझ्या,” तो म्हणाला.

खडकांवर कुणी नव्हतं. म्हणजे त्याला कुणी दिसलं नाही. लांब काही बाया वाकून कालवं काढत होत्या, त्यांना त्याने नेहमीसारखं चौकटीबाहेर ठेवलं. उजेड फार छान होता. हिरवं शेवाळ, खडकांच्या खळग्यांत साठलेलं पाणी, त्यात आकाश. तो पुढे पुढे जात राहिला. पाणी समोर दूर होतं, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटलं. पण तिथलं पाणी समोरून येत नाही. खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे, भरतीचं पाणी आधी त्यात शिरतं. माणूस समोर बघत राहतो आणि त्याच्या पाठीमागे वाट बंद होते.

सव्वानऊच्या सुमाराला त्याने वळून पाहिलं तेव्हा तो पट्टा भरत आला होता. बाया किनाऱ्याकडे निघून गेल्या होत्या. तो घाबरून सरळ पाण्यात उतरला. कमरेइतकं होतं. दहा पावलांत छातीपर्यंत आलं. कालवांच्या शिंपांनी तळपाय फाटले, एक चप्पल गेली, आणि ओढ अशी की उभं राहता येईना. त्याने कॅमेरा डोक्यावर धरला होता.

तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं.

“उभा राहा! तिथेच! पाय उचलू नको!”

कालवं काढणाऱ्या बायांमधल्या सगळ्यांत मागे राहिलेल्या त्या भिकीमावशी. डोक्यावर टोपली, टोपलीत सकाळभर खपून काढलेली कालवं, हातात लोखंडी सळई. त्या किनाऱ्याला पोचल्याच होत्या. सहज मागे वळून पाहिलं म्हणून त्यांना पाण्यावर एक कॅमेरा आणि खाली एक डोकं दिसलं. त्यांनी टोपली डोक्यावरून उतरवली नाही, सरळ फेकली. फक्त सळई हातात ठेवली.

आणि त्या सरळ आल्या नाहीत. शैलेश म्हणतो, मला वाटलं ही बाई दुसरीकडेच निघाली. त्या तिरक्या गेल्या, मग वळल्या, मग थांबल्या, मग परत वळल्या. पाण्याखाली खडकाची एक धार होती, तिच्यावरून त्या चालत होत्या. त्याला फक्त पाणी दिसत होतं, त्यांना वाट दिसत होती. चार हातांवर येऊन त्यांनी सळई पुढे केली.

“धर.”

त्याने एका हाताने धरली.

“दोन्ही हातांनी.”

“मावशी, कॅमेरा...”

“सोड ते!”

त्याने सोडला. कॅमेरा बुडताना पाहिलासुद्धा नाही, म्हणतो. मावशींनी त्याला धारेवर ओढून घेतलं आणि त्याचं मनगट धरलं. “माझा पाय जिथे, तिथे तुझा पाय. बोलू नको. वर बघू नको.” साठ-सत्तर पावलं असतील. एकदा लाट आली तेव्हा दोघं हलली. त्यांनी सळई खडकाच्या फटीत रोवली आणि लाट जाईपर्यंत त्याला धरून उभ्या राहिल्या.

किनाऱ्यावर आल्यावर तो वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. मावशी दम घेत म्हणाल्या, “रड. रडलास की थंडी जाते.”

भिकीमावशी तात्यांची थोरली बहीण. त्यांनी त्याला नेलं ते तात्यांच्याच घरी. पुतळी, म्हणजे तात्यांची बायको, तिने त्याचे पाय धुतले, शिंपांचे तुकडे सुईने काढले, हळद लावून फडकी बांधली. तात्यांनी आपला सदरा दिला. गरम पेज दिली. सकाळी परत जा म्हटलं होतं ना, असं कुणी एका शब्दानेही विचारलं नाही. त्याला तेच सोसवेना.

“तात्या,” तो म्हणाला, “मी खोटं बोललो. खोटं म्हणजे, अर्धं सांगितलं. मी मोजणी ऑफिसात आहे.”

घरात डाय ठोकायचा आवाज चालू होता, तो थांबला.  तात्यांनी बहिणीकडे पाहिलं. भिकीमावशी ओलं लुगडं पिळत होत्या.

“माझ्याकडे काय बघतोस?” त्या म्हणाल्या. “बुडणाऱ्याला विचारायचं का कुठल्या ऑफिसात आहेस म्हणून?”

तात्या हळूच हसले. मग पुतळीला म्हणाले, “साहेबांना अजून थोडी पेज वाढ.”

त्यांनीच दुपारी त्याला टेम्पोतून घरी आणलं. दार मी उघडलं. परक्याच्या सदऱ्यात, पायांना फडकी बांधलेला नवरा दारात उभा. मी विचारलं, “कॅमेरा?” आणि त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर वाढवणला गेले. एक साडी घेतली होती, माहेरच्या वाडीतले चिकू घेतले होते, आणि काय बोलायचं ते रस्ताभर मनात जुळवत होते. शिक्षिका आहे मी, भाषण करायची सवय आहे. भिकीमावशी अंगणात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली, “मावशी, तुमचे उपकार...”

“बस,” त्या म्हणाल्या, आणि एक सूप माझ्याकडे सरकवलं. “खडे काढ त्यातले. वाळूपण असते.”

मी बसले. पाऊण तास आम्ही जवळा निवडला. मध्येच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सुपात पडायला लागलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जवळा आधीच खारट आहे गं.” मला हसू आलं. आभाराचं माझं भाषण तिथेच राहिलं, ते आजपर्यंत झालेलं नाही.

निघताना शैलेश म्हणाला, “मावशी, मी काय करू तुमच्यासाठी?”

“तुझा तो फोटो राहिला ना?”

“राहिला तर राहिला.”

“राहून कसं चालेल? एवढा भिजलास त्याच्यापायी.” त्यांनी तात्यांकडे पाहिलं. “पुढच्या अमावास्येला पाणी चांगलं सुकतं. मी नेते त्याला. तुझं काय म्हणणं?”

तात्या म्हणाले, “माझं कोण ऐकतं? पण भाऊ, एक करा. फोटो काढाल तर नुसत्या दगडांचा काढू नका. हे दगड कुणाचे आहेत तेही लोकांना कळू दे.”

कॅमेरा तर नव्हता. भावेशने आपला स्वतःचा काढून दिला, लग्नसराईच्या दिवसांत. “लई जाओ ने, शैलेशभाई,” तो म्हणाला, “तुम्ही परत आलात, कॅमेरा पण येईल.”

अमावास्येच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मावशींनी त्याला खडकांवर नेलं. या वेळी मी किनाऱ्यावर उभी होते, आणि माझ्याबरोबर अर्धं गाव. तो दोन तासांनी परत आला तेव्हा त्याच्या वहीची चार पानं भरली होती. आम्ही ज्याला ‘खडक’ म्हणतो त्याला तिथे एक नाव नाही. प्रत्येक टेपाडाला, प्रत्येक घळीला नाव आहे. कुठलं कुणाच्या आजोबाच्या नावाचं, कुठे कुणाची होडी लागली होती त्यावरून. आणि शंखोदरच्या फोटोत एका कडेला, वाकलेल्या, हातात सळई घेतलेल्या भिकीमावशी होत्या. त्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने एकोणचाळीस फोटो पुन्हा काढून जमिनीवर मांडले. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “स्वप्ना, यातला एकही फोटो मी एकट्याने काढलेला नाही.”

“म्हणजे?”

“बाहरोटला वाट चुकलो होतो, एका गुराख्याने वर नेलं. घोलवडला वाडीवाल्याने शिडी धरली. खाडीच्या पुलाशी रूळ ओलांडताना रेल्वेच्या गँगमनने ‘गाडी येतेय’ म्हणून मागे ओढलं. मला एकाचंही नाव माहीत नाही.”

मग डिसेंबरभर तो पुन्हा त्याच ठिकाणी गेला. फोटो काढायला नव्हे, नावं विचारायला. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. काही माणसं सापडली, काही नाही. वेवजीची ती बाई सापडली. रूपी धोडी. तिला वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलो.

“मी काय केलं?” ती म्हणाली. “बकरी तर बांधली होती.”

“त्याचंच सांगायला आलो,” शैलेश म्हणाला. “तुमचे आभार मानायचे राहिले होते.”

तिने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. हा माणूस बरा आहे ना, असं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. मग ती खळखळून हसली आणि आम्हाला बसायला बाज टाकली.

वासुदेव सरांना मात्र हे पटलं नाही. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी ठरल्या होत्या. पहिली ठिकाणाची, दुसरी इतिहासाची. शैलेशने तिसरी लिहिली होती. सरांनी चष्मा लावून वाचलं: “बकरी बांधून ठेवली आणि पाणी दिलं: रूपी धोडी, वेवजी.”

“शैलेश, हे पन्नासाव्या वर्षाचं प्रदर्शन आहे. बकरी?”

“सर, त्या ताडांचा इतिहास मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. पाणी मिळालं ते खरं आहे.”

“पण लोक हसतील.”

“हसू देत ना. त्या स्वतःसुद्धा हसल्या.”

सर दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला. डहाणूच्या किल्ल्याच्या फोटोखाली दुसरी ओळ त्यांनी लिहिली होती, सनावळ्यांसकट. तिच्याखाली एक नाव घाला म्हणाले. त्यांना लहानपणी बोट धरून तो किल्ला दाखवणाऱ्या शाळेतल्या शिपायाचं. सत्तर वर्षांपूर्वीचं नाव. 

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं, नऊ दिवस चाललं. लोक फोटो लांबून बघायचे आणि मग तिसरी ओळ वाचायला जवळ यायचे. हे आमच्या आत्याचे सासरे, हा आमच्या शेजारचा काळ्या, असं चाललेलं असायचं. ज्यांची नावं सापडली नव्हती तिथे शैलेशने लिहिलं होतं, “वाट दाखवणाऱ्याचं नाव विचारायचं राहिलं. कुणाला माहीत असल्यास सांगावं.” अशा अकरा ओळींपैकी सहा नावं बघायला आलेल्यांनीच भरली. बाहरोटच्या गुराख्याचं नाव त्याच्या मेव्हण्याने सांगितलं.

वाढवणहून टेम्पो भरून माणसं आली. भिकीमावशी आम्ही दिलेली साडी नेसून आल्या होत्या. शंखोदरच्या फोटोपुढे त्या पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. शैलेश मागे उभा, परीक्षेला बसल्यासारखा.

“काय लिहिलंय?” त्यांनी तात्यांना विचारलं.

तात्यांनी आधी दुसऱ्या ओळीतली टेपाडांची नावं फोटोवर बोट ठेवत वाचली, मग तिसरी ओळ. “भिकीबाईंनी हात धरून परत आणलं.”

मावशी फोटोच्या आणखी जवळ गेल्या. मग बोट पुढे करून म्हणाल्या, “आणि या टेपाडाचं नाव चुकलंय. हे नाव त्या पलीकडच्याचं.”

शैलेशने तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त केलं. ती खाडाखोड अजून तशीच आहे. पुढे चाळीसही फोटो महिनाभर वाढवणच्या देवळात लावले होते, तिथेही त्याने पाटी नवी केली नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण २०१८ सरता सरता तलासरीकडे जमीन हलू लागली. धुंदलवाडीपासून सुरुवात झाली, मग रोजचंच झालं. माझ्या शाळेतली मुलं वर्गात बसायला घाबरायची. फेब्रुवारीत मोठे धक्के बसले. रूपीच्या घराची एक भिंत फाटली आणि सगळी वस्ती थंडीत उघड्यावर राहू लागली. हे आम्हाला कळलं ते रूपीच्या मुलीच्या फोनवरून. तोवर आमच्याकडे चाळीस गावांतल्या माणसांचे नंबर जमलेच होते. शैलेशने तात्यांना फोन केला तो सहज, मन मोकळं करायला. तासाभराने तात्यांचा उलट फोन आला, “होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या आहेत आमच्याकडे. किती लागतील?”

दुसऱ्या दिवशी टेम्पो वेवजीला पोचला, आम्ही दोघं आधीच तिथे होतो. ताडपत्र्या, दोर, दोन गोणी सुका जवळा, आणि वर बसलेल्या भिकीमावशी. समुद्र सोडून इतक्या आत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. होडीचा दोर बांधणाऱ्या माणसांना तंबू बांधायला किती वेळ लागणार? दुपारपर्यंत सात तंबू उभे राहिले. रूपीने तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायला घेतल्या, मावशींनी जवळा भाजायला. एकीची बोली वारली, दुसरीची मांगेली, दोघी आपापल्या बोलीत बोलत होत्या आणि दोघींचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात जमीन हलली. फार नाही, भांडी किणकिणण्याइतकी. रूपीने तवा फडक्याने धरून ठेवला, जसा आपण दूध उतू जाताना पातेलं धरतो. मावशींनी मात्र माझं मनगट घट्ट पकडलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“हे असं रोज?” त्यांनी रूपीला विचारलं.

“रोज. दोनदा, तीनदा.”

“आणि कधी येणार ते कळतं?”

रूपीने नकारार्थी मान हलवली.

“बाई बाई,” मावशी म्हणाल्या, “आमचं पाणी बरं मग. ते वेळ सांगून येतं.”

रूपी हसली. मावशीही हसल्या, पण माझं मनगट त्यांनी लगेच सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. शैलेश पलीकडे तात्यांबरोबर शेवटच्या तंबूचा दोर ताणत होता. जवळ्याचा खमंग वास सगळ्या वस्तीत पसरला होता आणि लोक ताटल्या घेऊन एकेक करून चुलीजवळ येऊ लागले होते. थोड्या वेळाने मावशी उठल्या, तंबूपाशी गेल्या, भावाने बांधलेली गाठ स्वतः ओढून पाहिली आणि म्हणाल्या, “तात्या, ही सोड. परत बांध. रात्री वारा सुटतो.”